हवेतला धोंडा

४ जानेवारी २०२६, रविवार

आज पुण्याच्या कंपनीतून अनन्या आली होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पण तिच्यासमोर मीच विद्यार्थिनी वाटत होते. त्यांना आमच्या गोफण्याची मालिका करायची आहे, मोबाईलवर बघायची, हलत्या चित्रांची. धवल इतका खूश झाला की चहात बुडवलेलं बिस्कीट विसरूनच गेला आणि शेवटी चमच्याने काढून खाल्लं.

गोफण्या आमचा दोघांचा. गोष्ट माझी, चित्रं धवलची. मी शाळेत भूगोल शिकवायचे, आता स्वेच्छानिवृत्त. धवल अजून सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढतो. नगरच्या साप्ताहिकात दर शनिवारी आमचं पान येतं, वीस वर्षं होत आली. ज्वारी राखणारा माणूस, तोंडाला उपरणं, हातात गोफण. त्याचा धोंडा डोंगराला वळसा घालून पलीकडच्या वाळूचोराच्या डंपरचं चाक फोडतो आणि मनात आणलं तर माघारीही येतो. बाकीचे सुपरहिरो उंच इमारतींवरून उड्या मारतात, आमचा रानातल्या माळ्यावरून शिडीने उतरतो.

त्याचं एक वाक्य आहे. नेवाशापासून पारनेरपर्यंत पोरांना पाठ आहे. ‘धोंडा माणसावर नाही.’ अनन्याला नेमकं तेच नको आहे.

“मॅम, तो इतकी वर्षं नुसती चाकं फोडतोय,” ती म्हणाली. “आजच्या प्रेक्षकाला त्याचा राग दिसला पाहिजे. एकदा तरी त्याने माणसाला मारू दे. आधी तुमच्या पानात करून बघू. लोक काय म्हणतात ते कळेल, मग सही करू.”

खरं म्हणजे ते वाक्य माझं नाहीच. पहिल्याच वर्षी एका पोराने गोफणीने शेजाऱ्यांची काच फोडली, शेजारी भांडत कार्यालयात आले, आणि तेव्हाचे संपादक म्हणाले, असं काहीतरी वाक्य घाला, नाहीतर पान बंद. मी नाक मुरडत घातलं. मग ते काढायचं म्हटल्यावर आज मी लगेच होय का म्हटलं नाही? कदाचित पोहे जास्त झाले असतील.

६ जानेवारी

आमच्या ह्यांना विचारलं. रविकांत जिल्हा न्यायालयात कारकून होते, आता घरी असतात. पण सवय जात नाही. सल्ला मागितला की तारीख देतात. “पुढच्या आठवड्यात बघू,” म्हणाले आणि पेपर उघडला.

मी होय म्हणू की नाही म्हणू? होय म्हणावं तर वीस वर्षांचा गोफण्या बदलतो. नाही म्हणावं तर वीस वर्षांनी दारात आलेली लक्ष्मी परत जाते, आणि ती एकट्या माझी नाही, धवलचीही आहे. शिवाय मला स्वतःलाही कधीपासून वाटत होतंच की गोफण्या जरा गुळमुळीत आहे. मग अडतंय कुठे?

९ जानेवारी

धवलच्या पोटात काही राहत नाही. त्याने वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, ‘लवकरच गोफण्या नियम मोडणार!’ सकाळपासून फोन.

त्यातला एक मात्र लाखमोलाचा निघाला. सोनईजवळच्या वस्तीवरून गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याचा. तिशीचा असावा, पहिल्या पानापासूनचा वाचक.

“म्याडम, गोफण्या आता मानसावर टाकनार हाय, खरं व्हय?”

मी म्हटलं, विचार चालू आहे.

“कोनत्या मानसावर?”

“ते अजून ठरायचंय.”

 तो म्हणाला, “समजा भाऊच हाय. चुलत. दर साली नांगरताना बांध कोरतो. आवंदा येक सरी, फुडल्या साली येक सरी. मोजनी झाली, पंच झालं, कायबी हुईना. वर आपल्याकडं बघून हासतो. त्याच्यावर टाकला तर चालंल का?”

मी खुर्चीतून उठलेच! वाळूचोर, डंपर, गुंड, हे सगळं दळून दळून पीठ झालं होतं, आणि इथे आयता, जिवंत विषय. भाऊबंदकी! आपल्याकडे याहून मोठा राक्षस कोणता? मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो चुलतभाऊ दिसतो कसा, उभा कसा राहतो, अंगात काय घालतो. त्याने सगळं सांगितलं. निळा स्वेटर, डोक्याला टॉवेल, कमरेवर हात. काय कल्पनाशक्ती आहे या माणसाची.

“त्याचं नाव काय ठेवू या?” मी विचारलं.

“नाव नगा ठेवू, म्याडम.”

बघा, याला म्हणतात जाण. निनावी खलनायक जास्त भयंकर असतो, हे मला कळायला किती वर्षं लागली. शेवटी म्हणाला, “हुरड्याला या आमच्याकडं. रान बी बघून जावा.” येते म्हटलं.

१२ जानेवारी

लिहून झालं. एका बैठकीत. बांध, सरी, हसणारा भाऊ. शेवटच्या चौकटीत गोफण सुटते, धोंडा हवेत. पुढचं पुढल्या शनिवारी.

गोफण्याच्या तोंडचं ते वाक्य काढायचं म्हणजे काय करायचं, यावर अडले होते. मग काहीच केलं नाही. तो गप्प राहतो, एवढंच. आजवर धोंडा टाकताना तो पहिल्यांदाच गप्प राहिला. वाचून बघितलं तेव्हा घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटलं. पण चांगलं झालंय. मला वाटतं, चांगलं झालंय.

१४ जानेवारी, संक्रांत

धवल तिळगूळ आणि चित्रं दोन्ही घेऊन आला. निळ्या स्वेटरचा माणूस त्याने असा काढलाय की रस्त्यात भेटला तर मी ओळखेन.

“पण नीलाताई, गोफण्याचा हात जमेना,” तो म्हणाला. “किती वेळा खोडला. एरवी डोळे मिटून काढतो मी तो हात. या खेपेला उचलतच नव्हता.”

मग हळूच सांगितलं की त्याने कारखान्यात राजीनाम्याची नोटीस दिली. महिनाअखेर सुटणार. अनन्या म्हणाली आहे, मालिकेला पूर्ण वेळ चित्रकार लागेल.

“अरे, अजून सही कुठे झाली आहे?” मी ओरडलेच. “बाजारात तुरी आणि भट निघाला भटणीला मारायला!”

हसला. “तुम्ही आहात ना.”

 मी आहे म्हणजे काय आहे?

१७ जानेवारी, शनिवार

पान आलं. फोन दुपारपर्यंत थांबला नाही. एकजण म्हणाला, आता खरा मर्द झाला. राहुरीच्या एक बाई म्हणाल्या, “आता पोराला काय सांगू मी? गोफण्या मारत नाही म्हणून त्याच्या हातातला दगड खाली टाकायला लावत होते.” मी म्हटलं, ताई, गोष्ट आहे ती. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, त्याला नाही ना.

अनन्याने मोबाईलवर खूप सारे लाल बदाम पाठवले. म्हणाली, इतके लोक भांडतायत म्हणजे जिंकलो आपण. लोक भांडले की आपण जिंकतो, हे गणित मला नीट समजलं नाही. पण खूश झाले, खोटं कशाला बोलू.

१८ जानेवारी

आज तर कहर. गोरक्षच्या आईचा फोन, रंगुबाई.

“म्याडम, त्यो धोंडा लागतो का वो त्या मानसाला?”

“शनिवारी कळेल, आजी.”

“शनवारपातुर माझ्या पोटात घास जायचा न्हाई. लागत न्हाई, असं सांगा की गोरक्षला. बापाचं कदी ऐकलं न्हाई त्यानं, तुमचं ऐकतो.”

म्हणजे आता आमचं पान आज्यासुद्धा वाचतात! बाईंची उत्कंठा इतकी की जेवण जाईना. ह्यांना मोठ्याने सांगितलं. हे म्हणाले, “तिला एकदा नीट विचारायचं होतंस, का जेवत नाही ते.” ह्यांना साहित्यातलं काही कळत नाही.

१९ जानेवारी

आणखी एक अनोळखी फोन. पुरुषाचा आवाज, जाडसर.

“बांधावरचा त्यो निळ्या स्वेटरवाला. मरतो का त्यो?”

“शनिवारी वाचा!” आता हे माझं पालुपदच झालंय.

“तवर रानात जाऊ का नको मग?”

मला हसू आलं. लोक किती रंगून जातात. म्हटलं, “जा की खुशाल.”

“बरं,” म्हणाला. “आमी दोगं येकाच पानावर वाडलो वो, म्याडम. येक अंक यायचा, दोगं मिळून वाचायचो.” आणि फोन ठेवला. कोण दोघं, ते विचारायचं राहिलं. का कोण जाणे, नंतर डाळीला फोडणी देताना ते सारखं आठवत होतं आणि मोहरी करपली.

२० जानेवारी

दुसरा भाग लिहिला. धोंडा कपाळाच्या मधोमध. अनन्याला फोनवर वाचून दाखवला, तिने टाळ्याच वाजवल्या. ह्यांना दाखवला. हे चष्मा काढून म्हणाले, “जगला तर तीनशे सात, मेला तर तीनशे दोन. जुनी कलमं सांगतोय, आता बदलली.” मी म्हटलं, गोफण्यावर खटला कोण भरणार? म्हणाले, “गोफण्यावर नाही भरत कुणी.”

परवा दुपारपर्यंत धवलला पाठवायचं आहे. दिलं असतं आजच, पण हात पुढे होत नाही. मला नक्की कशाची भीती वाटते आहे? उद्या गोरक्षकडे हुरडा आहे. डोकं जरा मोकळं होईल.

२१ जानेवारी, बुधवार

आजचं आजच लिहायला हवं.

घोडेगावावरून वळून अकराच्या सुमारास वस्तीवर पोहोचलो, मी आणि हे. गोरक्ष सडपातळ, अबोल. वाकून पाया पडला. घराच्या भिंतीवर आमची जुनी पानं खळीने चिकटवलेली. आगटीत कणसं भाजणं चालू होतं, हे लगेच मांडी ठोकून बसले. लसणाची चटणी, दही, गूळ. रंगुबाई सगळ्यांना वाढत होत्या, स्वतः काही तोंडात टाकत नव्हत्या.

“म्याडम, रान बघायचंय न्हवं?” गोरक्ष म्हणाला.

ज्वारीतून मला माळ्यापाशी घेऊन गेला. तिथेच त्यांचा बांध. बांध कसला, साडीच्या काठाएवढी पट्टी राहिली होती. पलीकडे एक माणूस उभा होता. निळा स्वेटर, डोक्याला टॉवेल, कमरेवर हात.

लाज वाटते लिहायला, पण मला वाटलं, गोरक्षने माझी गंमत करायला कुणाला तरी तसं सजवून उभं केलंय. मी टाळी वाजवणार होते. मग गोरक्षच्या हाताकडे लक्ष गेलं. त्याने गोफणीचा फास बोटात अडकवला होता आणि धोंडा घातला होता.

“ह्यो सहादेव, माझा चुलतभाऊ,” तो शांतपणे म्हणाला. “आता सांगा. लागतो का न्हाई? शनवारपातुर दम न्हाई माझ्यात.”

सहादेव जागचा हलला नाही. “सांगा, म्याडम,” तो तिकडून म्हणाला. तोच जाडसर आवाज. “तुमीच म्हनला, खुशाल जा रानात. आलोय.”

मी माळ्याच्या खांबाला धरलं. गोफण फिरायला लागली होती, सावकाश, तो नुसता श्वास घेत असावा तशी. ‘नाही लागत’ म्हणायला काय हरकत होती? पण मी तर लावला होता. पिशवीत होता तो कागद, धोंडा कपाळाच्या मधोमध लावलेला. आणि ‘धोंडा माणसावर नाही’ असं म्हणावं तर तेवढा हक्क मला कुठे उरला होता? खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं.

“मला माहीत नाही, गोरक्ष.”

“आं?”

“खरंच माहीत नाही रे.”

गोफण मंदावली. धोंडा त्याच्याच पायाशी पडला. “तुमाला म्हाईत न्हाई?” तो पुन्हा म्हणाला. इतका दुखावलेला चेहरा मी शाळेतसुद्धा कुणाचा पाहिला नव्हता.

“काय म्हनत्यात रं?” पलीकडून सहादेव ओरडला.

“म्हनत्यात म्हाईत न्हाई!”

“म्हाईत न्हाई म्हंजी?”

सहादेव बांध ओलांडून तरातरा आला. मला वाटलं आता दोघं भिडतात. पण दोघं माझ्यासमोर उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि भिडले मला.

“शाळंत ह्यानं येकाला धोंडा मारल्ता,” गोरक्ष म्हणाला, “तवा म्या म्हैनाभर बोललो न्हवतो ह्याच्याशी. का? तुमचं वाक्य.”

“न माझा बाप काठी घिऊन आईवर धावल्ता,” सहादेव म्हणाला, “तवा म्या गोफन घिऊन हुबा हुतो. टाकली न्हाई. बापाच्या पाठीमागची घागर फोडली. त्या आवाजानं त्यो थांबला. गोफण्यानं त्येच केलं आसतं. आन् आता तुमाला म्हाईत न्हाई? कोनी सांगितलं तुमाला बदलायला?”

“अरे, ते वाक्य माझं नव्हतंच,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. “संपादकांनी घालायला लावलं होतं.”

“आसंल,” सहादेव म्हणाला. “आमी तुमच्याकडनं घेतलं न्हवं?”

 मग गोरक्ष त्याच्याकडे वळून म्हणाला, “बांध माझाच हाय, त्ये इसरू नगंस.” सहादेव म्हणाला, “त्ये मोजनीवाला ठरवंल, तू न्हाई.” आणि दोघांचं कडाडून भांडण जुंपलं. कोणत्या सालची मोजणी, कुणाचा नांगर, आजोबा काय म्हणून गेले. शिव्यासुद्धा दिल्या. पण गोफण मातीत पडली होती आणि दोघंही ती तुडवतच भांडत होते.

मी आगटीपाशी परत आले. रंगुबाई त्या आवाजाकडे कान लावून बसल्या होत्या. “भांडत्यात व्हय नुसतं?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी चिमूटभर हुरडा घेतला आणि तोंडात टाकला.

 परतताना गाडीत मी रडले, ह्यांनी ते बघूनही बघितलं नाही असं केलं. मी त्या मुलाचं दुखणं गोष्ट म्हणून घेतलं आणि वर त्याचं कौतुकही केलं! मला कळलं कसं नाही? वीस वर्षं ज्या गोफण्याला मी माझा म्हणत आले तो माझ्याकडे राहतच नव्हता. मग मी काय लिहीत होते?

२२ जानेवारी

कपाळाचा भाग फाडला. सुटलेला धोंडा काही परत गोफणीत घालता येत नाही. तो हवेत आहे आणि सगळ्या तालुक्याने पाहिलाय. सकाळभर विचार केला. शेवटी असं लिहिलं की गोफण्या त्याला वळवतो, माघारी बोलावतो, पण या खेपेला तो हातात येत नाही. त्याच्याच खांद्यावर बसतो, फेकणाऱ्या हाताच्या.

बरोबर आहे का? माहीत नाही. एवढंच सुचलं.

अनन्याने शांतपणे ऐकलं. “मॅम, हे आमच्यासाठी नाही जमणार,” म्हणाली. वाईट मुलगी नाही ती. तिला जे हवं होतं ते तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

धवलला सांगायला धीर होईना. सांगितलं. सोनईचंही सगळं सांगितलं. 

“उद्या सुप्याला जाऊन साहेबांना विचारतो,” तो म्हणाला, “नोटीस मागे घेतात का.”

“धवल, मी तुझ्या तोंडाला पानं पुसली रे.”

“पुसलीच,” तो म्हणाला. “कागद पाठवा. संध्याकाळपर्यंत चित्रं द्यायची आहेत ना?”

२४ जानेवारी, शनिवार

पान आलं. शेवटची चौकट मी लिहिलेली नव्हती, धवलने मनाने घातली. गोफण्या बांधावर बसलाय, आणि तो निळ्या स्वेटरवाला डोक्याचा टॉवेल सोडून त्याचा हात बांधतोय. हात मात्र सुरेख काढलाय.

गटावर गोंधळ. अर्धे म्हणतात, नियम पाळला. अर्धे म्हणतात, मोडला, कारण गोफण्याही माणूसच आहे. मला विचारतात. मी कुणाला उत्तर दिलेलं नाही. धवलच्या साहेबांनी सोमवारी बघू म्हटलंय. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी आहे, हे त्या साहेबांना माहीत नसेल का?

दुपारी गोरक्षचा फोन आला. मी उभी राहूनच घेतला.

“वाचलं, म्याडम. खांद्याला लागलं त्ये काय बरं न्हाई केलं. पन ऱ्हाऊ द्या. त्ये टावेलानं हात बांधतो न्हवं, त्ये सहादेवला पटलं न्हाई.”

“तो बोलतो तुझ्याशी?”

“बोलतो कुटं. बांधावरनं वरडला. म्हनं, टावेलानं काय हुतंय? म्या आसतो तर गाडीवर घालून सोनईच्या दवाखान्यात नेला आसता.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हनलं, तू गाडी लई जोरात चालवतोस. म्या न्हाई बसायचो.”